वरची कॅसेट

जांबोटीकडचे एक गृहस्थ जुलैच्या पावसात संगणकाचे कॅबिनेट ताडपत्रीत गुंडाळून बेळगावातल्या माझ्या दुकानात आले, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत तीसेक व्हीएचएस कॅसेटी होत्या. गावच्या यात्रेत होणाऱ्या नाटकांचे ते चित्रीकरण त्यांना संगणकात उतरवायचे होते आणि सगळ्यांत वर ठेवलेल्या कॅसेटीत त्यांचे दिवंगत वडील राजाच्या भूमिकेत होते. "एवढं मोठं कार्ड घातलंय, तरी चित्र तुटूलालंय की ओ," एवढेच ते म्हणाले.

कॅबिनेट उघडले, तर आत तीन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड बसवलेले होते, ज्यासाठी त्यांनी ४०,००० रुपये मोजले होते. त्या धिप्पाड कार्डाने खालचा एक्स-वन स्लॉट, म्हणजे छोट्या कार्डांची खाच, पुरता झाकला होता, त्यामुळे आत बसणारे कॅप्चर कार्ड, म्हणजे कॅसेटीवरचे चित्र संगणकात घेणारे कार्ड, लावायला जागाच उरली नव्हती आणि विक्रेत्याने वरून तेच काम करणारी यूएसबीची एक स्वस्त कांडी दिली होती. वास्तविक व्हीसीआरमधून येणारा सिग्नल कॅप्चर चिपमध्ये आकड्यांत बदलतो, मेमरीत जातो आणि तिथून डिस्कवर उतरतो. या वाटेत ग्राफिक्स कार्डाचे काम जवळपास नसतेच. ते पुढे संकलन करताना किंवा फाइल लहान करताना उपयोगी पडते, आणि त्यासाठीही हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) असलेले साधे कार्ड त्यांना पुरले असते. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला काय हवे हे विचारण्यापेक्षा पंखे मोजून दाखवणे सोपे असते.

दोष यूएसबीच्या वेगातही नव्हता. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट असे धरले, तर सेकंदाला साधारण २१ मेगाबाइट होतात आणि तासाला सुमारे ७५ गिगाबाइट. एवढा ओघ यूएसबी २.० ला झेपतो. हे गणित मला तोंडपाठ होते, तरीही मी त्या कांडीवरच संशय घेतला, कारण ती स्वस्त होती. माझ्या जुन्या मशीनमध्ये चांगले कॅप्चर कार्ड बसवून मी तीच कॅसेट पुन्हा लावली, फ्रेम गळतच राहिल्या. मग केबल बदलली, सेटिंग बदलली आणि प्रत्येक वेळी सुरुवातीपासून तीच कॅसेट चालवली.

खरे कारण टेपमध्ये होते. जुनी टेप ओढली जाताना तिचा वेग किंचित डगमगतो, त्यामुळे प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे सुरू होते. जुने टीव्ही हे निमूटपणे सोसत, कॅप्चर चिप मात्र ताल चुकला की फ्रेमच टाकून देते. त्यासाठी व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे हा ताल दुरुस्त करणारे यंत्र, लागतो, आणि तो नसेल तर काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर त्याच्या जागी जोडले तरी ओळी सरळ होतात. माझ्याकडे असा एक रेकॉर्डर माळ्यावर पडलेला होता. तो मला चौथ्या फेरीनंतर आठवला.

त्याच चौथ्या फेरीत टेप व्हीसीआरच्या ड्रमला, म्हणजे टेप वाचणाऱ्या फिरत्या भागाला, चिकटून तुटली. खानापूरच्या पावसात वर्षानुवर्षे राहिलेल्या कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी स्पष्ट दिसत होती, आणि अशी टेप आधी उलगडून साफ केल्याशिवाय चालवायची नाही, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवतो. पिशवीत आणखी तीस कॅसेटी असताना चाचणीसाठी मी नेमकी वरचीच का उचलली, हे मला अजून उमगलेले नाही. ती वर होती, एवढेच.

टेप जोडताना चुरगळलेला भाग कापावा लागला आणि त्यात राजाचा प्रवेशच गेला. बाकीची कॅसेट, व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये तो रेकॉर्डर जोडल्यावर, एकही फ्रेम न गळता उतरली. गेलेला तुकडा मात्र त्यांनी घरी, त्या महागड्या कार्डाच्या मशीनवर केलेल्या फसलेल्या फाइलीत सापडला. तो मी तिथे जोडला आहे. आवाज अखंड आहे, चित्र धक्के खात पुढे सरकते.

हे सगळे मी त्यांना सांगितले आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी फाइल दुकानातच दोनदा पाहिली, उरलेल्या कॅसेटी माझ्याकडेच ठेवल्या आणि तसला डीव्हीडी रेकॉर्डर कुठे मिळेल, एवढे विचारून ते बस पकडायला गेले.