एका सेकंदाला अडलंय

बाबांचा जुना रोलचा कॅमेरा, याशिका एफएक्स-३ सुपर २०००, गेले दोन महिने माझ्या टेबलावर पडून आहे आणि तो दुरुस्त करायचा की सरळ दुसरा घ्यायचा हे काही केल्या ठरत नाहीये.

दुखणं तसं साधंच. मागचं झाकण उघडलं की कडेचा तो फोम, उजेड आत येऊ नये म्हणून लावलेला असतो ना, त्याचं पार डांबर झालंय, बोट लावलं की बोटाला आणि तिथून शर्टाला. शिवाय शटर, म्हणजे रोलवर उजेड सोडणारा पडदा, एक सेकंदावर ठेवून दाबलं की घर्रर्र करत अर्ध्यात अडकतं. वरचे स्पीड ठणठणीत वाटतात. वाटतात म्हणतोय, कारण सेकंदाचा १/१००० खरंच १/१००० आहे का ते कानाला थोडंच कळतंय!

फोर्टात बोरा बाजारात एका काकांना दाखवला. त्यांनी न उघडताच कानाजवळ नेऊन तीनदा दाबला. "तेल सुकलंय. साडेतीन हजार."

ऑनलाइन हाच मॉडेल पाच हजारात, वर "मिंट कंडिशन". बायको म्हणाली, मग दीड हजार टाकून दुसराच घे की. हिशोब बरोबर होता, मी पेमेंटपर्यंत पोचलो पण, सहज एक फोटो झूम केला तर तिथेही झाकणाच्या कडेला तेच काळं डांबर. म्हणजे दुसरा म्हणजे काय, तर दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटात तेल सुकवत बसलेला! १९८६ चं मॉडेल, कंपनीने २००५ ला कॅमेऱ्याचा धंदाच गुंडाळला, नवा येणार कुठून. त्यापेक्षा आपला बरा, निदान दुखणं कुठे आहे ते माहितीये.

आणि मशीन चिवट आहे हो. शटर पूर्ण मेकॅनिकल, दोन बटणसेल लागतात ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरते. सेल संपले तरी काही अडत नाही, कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ वर, २०० आयएसओचा रोल असेल तर शटर १/२५०, दाबा बटण. खरा खर्च तर पुढेच आहे, रोल, तो धुणं, स्कॅनिंग, दोन-तीन रोलमध्ये काकांचे साडेतीन हजार वसूल... म्हणजे उडालेच. पण ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी बाबांना फोन केला. वाटलं जरा हळवे वगैरे होतील.

"भंगारात दे," म्हणाले. मग थोडं थांबून, "त्यातले सेल काढलेस का?"

रुपयाचं नाणं घेऊन तळाचं झाकण फिरवलं. फिरेना. जोर लावला तेव्हा फिरलं आणि टेबलावर पांढरी पावडर सांडली.

आता काका किती सांगतात बघू.