भाताचा वाडगा

शनिवार, रात्री

दिवसभर भातलावणी. सकाळी सातला खाचरात उतरलो ते तीन वाजता वर आलो. तळाचं खाचर संपलं, वरची दोन राहिली. पाऊस मापात होता. कंबर धरली आहे, नखांत अजून चिखल आहे. जेवणं लवकर उरकली आणि मी लॅपटॉप उघडून ‘सेव्हन सामुराई’ हा जुना जपानी सिनेमा लावला. कितव्यांदा, ते मोजलेलं नाही. बाबा ओटीवर पडले होते. आवाज ऐकून आत आले आणि भिंतीला टेकून बसले. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून मी सांगत गेले.

आजवर हा सिनेमा मी पुण्यात, शहरातल्या खोलीत बसून पाहिला होता. लावणीच्या दिवशी, गावात, बाबांच्या शेजारी बसून पहिल्यांदाच पाहिला.

सुरुवातीला घोड्यांवरचे दरोडेखोर टेकडीवरून गाव बघतात आणि ठरवतात, जव पिकले की येऊ. मी एवढं सांगितलं तर बाबा म्हणाले, “म्हणजे पिकवायचं ह्यांनी आणि न्यायचं त्यांनी.” पुढे शेतकरी पाणचक्कीतल्या म्हाताऱ्याकडे सल्ल्याला जातात. म्हातारा सांगतो, सामुराई, म्हणजे तलवारबाज योद्धे, आणा. द्यायला काय आहे आपल्याकडे? तर भुकेले सामुराई शोधा. भूक लागली की अस्वलसुद्धा डोंगर उतरतं. बाबांनी नुसती मान हलवली.

मग ती धर्मशाळेसारखी जागा. चार शेतकरी गावातून तांदूळ घेऊन शहरात आलेत, सामुराईंना खाऊ घालायला. स्वतः भरडधान्य खातात. एका रात्री मडक्यातला तांदूळ चोरीला जातो. योहेई नावाचा तो घाबरट शेतकरी जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचतो आणि मडक्यात टाकतो. किती लहान प्रसंग आहे! पण त्याची बोटं बघताना माझ्या पोटात तुटतं. आमची आजी तांदूळ निवडताना खाली पडलेला दाणा असाच उचलायची, ओल्या बोटाच्या टोकाला चिकटवून.

काम्बेई, म्हणजे साऱ्यांत वडीलधारा सामुराई, आधी नाही म्हणतो. तेव्हा तिथला एक मजूर, जो इतका वेळ ह्या शेतकऱ्यांची टर उडवत होता, तोच शिजलेल्या भाताचा वाडगा उचलून त्याच्यासमोर धरतो. हे बघ, हे तुमच्यासाठी; आणि ते काय खातात, ठाऊक आहे? काम्बेई वाडगा हातात घेतो आणि म्हणतो की हा भात मी वाया जाऊ देणार नाही. ताकाशी शिमुरा हे बोलताना आवाजही चढवत नाही. सगळी लढाई इथेच ठरते. तलवार अजून म्यानातच आहे.

म्हाताऱ्याचं पुढचं यायच्या आतच बाबांचा डोळा लागला. अंगावर गोधडी टाकली. शेवटी मात्र आपोआप जागे झाले, ढोल ऐकून. पडद्यावर लावणी चालली होती. पुरुष ढोल-बासरी वाजवतायत, बायका ओळीने वाकून रोपं लावतायत, पाण्यात आभाळ दिसतंय. बाबा उठून बसले आणि मान पुढे काढून बघत राहिले.

रविवार

पावसाने दुपारी उसंत घेतली. सकाळी वरचं एक खाचर उरकलं. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आले.

गाडीत ‘सेव्हन सामुराई’च्या पटकथेचा विचार चालू होता. शिनोबू हाशिमोतो हा तिचा एक लेखक. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आणि हिदेओ ओगुनी हे दुसरे दोन. हाशिमोतोने आठवणींत सांगितलेली गोष्ट मला फार प्रिय आहे. आधी त्यांना वेगळाच सिनेमा करायचा होता: एका सामुराईचा एक दिवस. सकाळी उठतो, किल्ल्यावर कामाला जातो, हातून काही चूक होते आणि संध्याकाळी घरी येऊन सेप्पुकू करतो, म्हणजे स्वतःचं पोट फाडून मरतो. महिनोन् महिने संशोधन केलं आणि गाडं अडलं कुठे, तर दुपारच्या जेवणाशी. त्या काळी सामुराई किती वेळा जेवत, डबा घरून नेत की तिथे मिळे, हे खात्रीने सांगता येईना. विषय सोडून दिला. पुढे शोध सुरू झाला की गावोगाव हिंडणाऱ्या बेकार योद्ध्यांचं पोट कसं भरायचं. तेव्हा कळलं की रात्री गावाची राखण केली की गावकरी जेवायला घालत. ‘सेव्हन सामुराई’चं बी ते. बाबांच्या शेजारी बसून पाहिल्यावर हे डोक्यात पक्कं बसलं: ह्या सिनेमाचा पायाच अन्नाचा आहे.

आणि जगाने ह्यातून काय उचललं? १९५४चा सिनेमा. १९६०मध्ये हॉलिवूडने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला आणि सामुराईंचे बंदूकवाले काउबॉय झाले. कुरोसावाच्या सिनेमात सातांपैकी चौघं मरतात, ते चौघंही गोळीने. तलवारीने एकही नाही. क्यूझो, ज्याच्या तलवारीपुढे कोणी टिकत नाही, तोसुद्धा चिखलात कोसळतो तो लांबून आलेल्या गोळीने. एका युगाची विद्या संपल्याचं दुःख आहे ते. सगळ्यांच्याच कमरेला पिस्तूल असेल तर हे दुःख सांगायचं कसं? आपल्या ‘शोले’तही गाव आहे, धान्य मागायला येणारे डाकू आहेत, भाड्याने आणलेले लढवय्ये आहेत. पण त्यांना बोलावतो ठाकूर, स्वतःच्या सूडासाठी. चौघं शेतकरी तांदूळ बांधून निघत नाहीत. ‘शोले’ मला मनापासून आवडतो, लहानपणापासून पाठ आहे. तरी वाडगा तिथे नाही, एवढं खरं.

कुरोसावाचाच ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) बघा. राजकन्या आणि सेनापतीची गोष्ट आपल्याला दोन दरिद्री, लोभी, सतत भांडणाऱ्या शेतकऱ्यांच्या नजरेतून दिसते. जॉर्ज लुकासने ही युक्ती ‘स्टार वॉर्स’मध्ये घेतली आणि तसं सांगितलंही. तिथे त्या दोन शेतकऱ्यांचे दोन यंत्रमानव झाले. यंत्रमानवाला भूक नसते. कुरोसावाच्याच ‘योजिम्बो’वरून सर्जिओ लिओनेने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ परवानगी न घेताच बेतला आणि प्रकरण कायद्यापर्यंत गेलं. त्या दोन्ही सिनेमांतला एकटा, दाढी खाजवणारा, नाव न सांगणारा माणूस आज जगभर दिसतो.

मला तक्रार करायची नाही. कुरोसावाने स्वतः शेक्सपिअर घेतला, ‘थ्रोन ऑफ ब्लड’ आणि ‘रान’ केले, आणि ते पूर्ण जपानी झाले. प्रत्येकाने आपापल्या भुकेप्रमाणे घ्यावं. पण उचलायला सोपं काय आणि जागीच राहिलं काय, हे आता मला दिसतंय.

सोमवार, रात्री

आज मासाकी कोबायाशीचा ‘हाराकिरी’ (१९६२). पटकथा पुन्हा हाशिमोतोचीच. सोडून दिलेल्या सेप्पुकूकडे तो असा वळून आला.

काळ १६३०चा. लढाया संपल्या आहेत, हजारो सामुराई बेकार आहेत. कोणी एका सरदाराच्या वाड्यावर जाऊन म्हणतो, मला तुमच्या अंगणात पोट फाडून मरू द्या. आशा अशी की चार नाणी देऊन वाटेला लावतील. मोतोमे नावाचा तरुण असाच येतो. त्याला अद्दल घडवायची म्हणून वाड्यावरचे लोक खरंच सेप्पुकू करायला लावतात, आणि तेही त्याच्याच तलवारीने. म्यानातून निघतं बांबूचं पातं. खरी तलवार त्याने केव्हाच विकलेली असते. घरी बायको आजारी, तान्हं पोर तापाने फणफणलेलं.

तो प्रसंग मी पूर्ण बघू शकत नाही, आजही मान वळवली. पण नंतरचा प्रसंग त्याहून खोल जातो. मोतोमेचं प्रेत घरी येतं. सासरा हान्शिरो, म्हणजे तात्सुया नाकादाई, स्वतःच्या तलवारीकडे बघतो. जावयाने पोरासाठी पातं विकलं, आणि मला हे विकायचं सुचलंसुद्धा नाही. हीच कवटाळून बसलो. तो ती तलवार आदळतो. तेव्हा नाकादाई जेमतेम तिशीचा होता आणि नातवंड असलेल्या माणसाचा आवाज त्याने पोटातून काढला आहे.

वाड्यात पूर्वजाचं रिकामं चिलखत मांडून ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे सगळे मान झुकवतात. शेवटच्या मारामारीत हान्शिरो तेच उचलून जमिनीवर आपटतो. आणि मग चिलखत पुन्हा जुळवून, पुसून जागेवर ठेवलं जातं, दप्तरात खोटं लिहिलं जातं. दुसऱ्या महायुद्धात सक्तीने भरती केलेल्या कोबायाशीने साध्या शिपायाच्या वरची बढती नाकारली होती. हे ठाऊक असल्यामुळे त्या पुसलेल्या चिलखताचा राग मला त्याचा स्वतःचा वाटतो.

गुरुवार

बाबांचा फोन. राहिलेलं खाचर काल झालं. रोपं थोडी कमी पडली, शेजारून चार मुठी आणल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तो पाणचक्कीतला म्हातारा, त्याचं काय झालं गं शेवटी?”

सांगितलं. दरोडेखोर येणार म्हणून सगळ्यांना ओढ्यापलीकडची घरं सोडायला लावली, पण तो काही चक्की सोडून हलला नाही. मुलगा-सून त्याला आणायला गेले. चक्की जळाली, फक्त तान्हं पोर वाचलं. किकुचियो, म्हणजे तो दांडगट सामुराई, पोराला छातीशी धरून ओढ्यातच खाली बसतो आणि रडतो, की हा मीच आहे, माझंही असंच झालं होतं.

“तो शेतकऱ्याचाच पोरगा ना?”

“हो. कसं कळलं?”

“चालतो कसा ते बघितलं की,” बाबा म्हणाले, आणि युरियाच्या गोणीचं विचारायला लागले.