सीएचबीचं शेवटचं बिल

आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र विभाग म्हणजे गेली कित्येक वर्षं एक कपाट, दोन टेबलं आणि मी. दुसऱ्या टेबलावर तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या मॅडम, जेवढे तास तेवढे पैसे. त्या माझ्याच विद्यार्थिनी, त्यामुळे स्टाफरूममध्ये ‘मॅडम, तुम्ही’ आणि विभागाचं दार लोटलं की ‘अगं, हजेरीपट कुठे ठेवलास?’. कॉलेज नवी मुंबईत, ट्रान्स-हार्बरच्या रुळांपासून चालत दहा मिनिटांवर. पोरं दिघा, रबाळे, घणसोली, तुर्भ्याहून येतात.

2013 मध्ये आमचे एक सर निवृत्त झाले, 2016 मध्ये एक मॅडम सोडून गेल्या. दोन्ही पदं रिकामी राहिली. प्राध्यापक भरती बंद, मग अर्धवट चालू, मग पुन्हा बंद. 2021 मध्ये शासनाने राज्यभरातली 2088 पदं भरायला परवानगी दिली, त्यात आमची दोन बसली. मला वाटलं, झालं काम. पण परवानगी येणं वेगळं आणि वर्गात माणूस येऊन उभा राहणं वेगळं. मध्ये बिंदुनामावली असते, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणात जाईल ते ठरवणारा तक्ता. ती तपासून घ्यायला बेलापूरचं कोकण भवन, ना हरकत प्रमाणपत्रासाठी पनवेलला सहसंचालक कार्यालय, एखादा शिक्का पुसट उठला म्हणून परत बेलापूर. 2024 च्या फेब्रुवारीत मराठा समाजाला दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा आम्ही जाहिरातीच्या बेतात होतो. बिंदुनामावली पुन्हा पहिल्यापासून. आरक्षण कसं ठरतं हे मी टीवायला बरीच वर्षं शिकवत होतो. एक बिंदू सरकला की खालची सगळी रांग कशी सरकते, ते मात्र कोकण भवनातल्या बाकावर बसून शिकलो.

त्यात जूनपासून नवीन शैक्षणिक धोरण एफवायला लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. कॉमर्सची पोरंसुद्धा संविधान शिकायला आमच्याकडे. वर्कलोड असा फुगला की प्राचार्यच मला विचारायला लागले, ‘काय सर, माणसं कधी येतायत?’

जुलैत मुलाखती लागल्या. दोन पदं, एक इतर मागासवर्गासाठी, एक खुलं. खुल्या पदासाठी एकोणीस जणांना बोलावलं होतं. त्यात आमच्या मॅडमही. नेट झालेली, एम.ए.ला उत्तम गुण, आठ वर्षं तासिका तत्त्वावर. मी प्राचार्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ही माझी विद्यार्थिनी आहे. ते म्हणाले, ‘अहो, तुमची विद्यार्थिनी नसलेलं या विषयात इथे आहे कोण?’

सकाळी पावसाने धार धरली होती. कुर्ल्याला पाणी भरलं, हार्बर रखडली, विद्यापीठाने पाठवलेले विषयतज्ज्ञ अकराच्या ठिकाणी साडेबाराला पोचले. उमेदवार तेरा आले. कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या फायली, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, भिंतीला टेकवलेल्या ओल्या छत्र्या. एक जण देवगिरी एक्स्प्रेसने नांदेडहून आला होता. पहाटे ठाण्याला उतरून थेट इकडे. बूट काढून त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बसला होता. आमच्या मॅडम तिथेच त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि शिपायाला सांगून त्याला चहा मागवत होत्या. यजमानपणाची सवय.

डेमो लेक्चरसाठी मी एक हट्ट धरला होता. समितीसमोर रिकाम्या बाकांना शिकवायचं नाही, एफवायची वीस पोरं बसवायची. विषय एकच, 74वी घटनादुरुस्ती, म्हणजे नगरपालिका आणि महानगरपालिका. प्रत्येकी वीस मिनिटं.

पहिले तिघे ठीक. अनुच्छेद, तारीख, बारावं परिशिष्ट, अठरा विषय. चौथे गृहस्थ रंगात आले होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून घणसोलीच्या एका पोराने हात वर केला. ‘सर, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?’

सर दुखावले. ‘तुम्हाला स्वतःचा नगरसेवक माहीत नाही? हीच आपली राजकीय निरक्षरता.’

पोरगा म्हणाला, ‘सर, नाहीच आहे कोणी.’

खरंच नव्हता. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक 2015 च्या एप्रिलमध्ये झाली होती. 2020 ची करोनात अडकली, मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले. पुढे ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा. आमच्या समोर बसलेल्या पोरांनी कळायला लागल्यापासून नगरसेवक पाहिलाच नव्हता. विषयतज्ज्ञ खाली मान घालून हसले. पोराला मात्र चव लागली. पुढच्या प्रत्येक उमेदवाराला तो तोच प्रश्न विचारायला लागला. मी डोळे वटारले, त्याने पाहिलंच नाही.

मॅडमची वेळ आली. त्या एकदाही अडखळल्या नाहीत. प्रश्न येण्याआधीच उत्तर दिलं: मुदत कधी संपली, प्रशासक कसा येतो, ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयाने सांगितलेल्या तीन कसोट्या कोणत्या, बांठिया आयोग कशासाठी नेमला. फळ्यावर तीन रकाने, डावीकडे तरतूद, मध्ये वस्तुस्थिती, उजवीकडे टीका. पोरं मुकाट लिहून घेत होती. मीही ऐकत होतो, आणि पाचेक मिनिटांनी माझ्या पोटात खड्डा पडला. ते माझं लेक्चर होतं. रकाने माझे, ‘आता इथे एक गंमत आहे’ हे वाक्य माझं, ती गंमत सांगून झाल्यावर खडू टेबलावर ठोकायची लकबही माझीच. तिला मी माझ्या वह्या दिल्या होत्या. रजेवर गेलो की माझे तास दिले होते, पेपर तपासायला दिले होते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळी रात्री आठपर्यंत बसवून फायली लावायला दिल्या होत्या. एखादा पेपर पूर्णपणे तिचा, तिने ठरवायचा, असा एकदाही दिला नव्हता.

त्यानंतर दोन जण झाल्यावर नांदेडवाले. बूट अजून ओलेच. त्यांना नवी मुंबईची काही माहिती नव्हती, आणि त्यांनी तसं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. घणसोलीकराने प्रश्न टाकला. ते म्हणाले, ‘मला नाही माहीत. तुमच्या गल्लीत गटार तुंबलं तर फोन कुणाला करता?’

‘जुन्या नगरसेवकालाच.’

‘तो बॅनरवर स्वतःला काय म्हणवतो?’

‘मा. नगरसेवक.’

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘मा.’ लिहिलं आणि वर्गाकडे वळले. ‘मा. म्हणजे काय?’

अर्धा वर्ग ओरडला, माननीय. उरलेला अर्धा, माजी. आणि मग जो गोंधळ झाला तो मी त्या वर्गात कधी ऐकला नव्हता. तुर्भ्याची एक मुलगी म्हणाली, सर, त्यांना आम्ही विचारलं तर ते माननीय म्हणतील, पाणी आलं नाही तर माजी म्हणतील. त्या एका टिंबावरून त्यांनी सगळं उलगडलं. अनुच्छेद 243 यू काय म्हणतो, मुदत संपण्याआधी निवडणूक का व्हायला हवी, लोकांनी निवडलेला नसताना एखादा माणूस गटार साफ करवून देतो तेव्हा ती सत्ता कोणती आणि ती येते कुठून. शीळच्या पलीकडच्या चौदा गावांपैकी एका गावातला मुलगा उठून म्हणाला, आमची गावं भांडून महापालिकेतून बाहेर पडली होती आणि पुन्हा भांडून आत आली, आमचं काय? वीस मिनिटांची घंटा झाली तरी कोणी वही मिटली नाही.

आत समितीत फार चर्चा झालीच नाही. तेव्हाच्या नियमांनुसार शोधनिबंधांचे गुण फक्त कुणाला बोलवायचं ते ठरवायला, निवड मुलाखतीवर. विषयतज्ज्ञांनी मला विचारलं, ‘विभागप्रमुख, तुमचं मत?’ मी नांदेडवाल्यांचं नाव लिहिलं. मॅडम दुसऱ्या, प्रतीक्षा यादीवर. इतर मागासवर्गाच्या पदावर कोल्हापूरच्या एक बाई आल्या, त्याही चांगल्या आहेत, पण त्यांच्याविषयी पुन्हा कधी. सही करताना हात थरथरला वगैरे काही नाही. सही नेहमीसारखीच उठली.

विद्यापीठाची मान्यता येऊन दोघे गणपतीनंतर रुजू झाले. एकाचे तीन झालो. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये पेढे वाटले. तासिका तत्त्वाचे तास रिकाम्या पदाच्या वर्कलोडवर मिळतात. पद भरलं की तास संपले. हे मला भरतीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मॅडमनाही ठाऊक होतं. आम्ही त्यावर एकदाही बोललो नव्हतो.

मॅडम ऑगस्टचं बिल घेऊन आल्या. आठवड्याला नऊ तास, तासाला नऊशे रुपये, सुट्ट्यांचे नाहीत. ऑगस्टमध्ये सुट्ट्याच फार, स्वातंत्र्यदिन, राखी, गोपाळकाला. बिल किती महिन्यांनी निघेल ते देव जाणे. ठाण्यात एका कॉलेजात नऊ तास मिळालेत म्हणाल्या, सकाळची शिफ्ट.

‘सर, डेमोची वीस मिनिटं धरायची का हो?’

मी हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं तर त्या हसत नव्हत्या, पेनचं टोपण लावत होत्या.

‘अगं,’ म्हणालो, आणि पुढे काही सुचेना.

बिलाला हजेरीपट जोडायचा असतो. दिनांक, तास, वर्ग, शिकवलेला भाग. मी रकान्यांवरून बोट फिरवत गेलो. सगळं नेहमीचं. शेवटच्या दोन ओळींवर थांबलो. एफवाय, 74वी घटनादुरुस्ती, ते तर जुलैतच संपलं होतं. पुन्हा दोन तास घेतले होते. शिकवलेला भाग या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मा.’ म्हणजे काय.

बेरीज पुन्हा करून पाहिली. एकोणतीस तास, 26,100 रुपये. बरोबर होती. सही केली, शिक्का मारला. शिक्का पुसट उठला म्हणून परत एकदा मारला.