भिंतींचे पैसे जमतात

रविवार, रात्र

युगांडातल्या खेड्यात दवाखाना बांधायचा म्हटलं की वर्गणीचं आवाहन बहुधा विटांवर निघतं. भिंतींचे पैसे तसे जमतातही. जमत नाहीत ते नर्सच्या घराचे, आणि दवाखाना रात्री उघडा राहणार की नाही हे त्या घरावर ठरतं. प्रसूती करणारी नर्स लांबच्या बाजारगावात भाड्यानं राहत असेल, तर अंधार पडायच्या आत प्रसूतिकक्षाला कुलूप लागतं. म्हणून अंदाजपत्रकात आधी तिच्या खोल्या धराव्यात. रुग्णांच्या बसायच्या जागेचं नंतर पाहता येतं, बाकडी झाडाखालीही चालतात.

त्याहून आधीचं काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावरचं. तिथे केंद्रांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. दुसऱ्या पायरीचं केंद्र साधारण ५,००० लोकांसाठी, म्हणजे आपल्या उपकेंद्राएवढं. तिसरी पायरी २०,००० लोकांसाठी, त्यात प्रसूती आणि प्रयोगशाळा. आपली पायरी कुठली हे लेखी ठरेपर्यंत नकाशा काढू नये. सरकारी यादीत केंद्राचं नाव नसेल तर पगारही नाहीत आणि सरकारी औषधांची खोकीही येत नाहीत. शेजारच्या केनियात स्वातंत्र्यानंतर ‘हरांबे’च्या लोकवर्गणीतून गावोगाव दवाखाने उभे राहिले, त्यातल्या कित्येकांना पुरवायला सरकारकडे माणसंच नव्हती. हे माहीत असूनही आवाहनाच्या पत्रकावर अजून इमारतीचंच चित्र असतं.

जमिनीचा कागदही नीट पाहावा. मध्य युगांडात ‘मायलो’ जमिनीचा मालक एक आणि ती कसणारा दुसरा असू शकतो. दोघांच्या सह्या नसतील तर पाया भरल्यावर भांडण उभं राहतं.

दक्षिण भागात पावसाळे दोन : मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. गावकरी वाळू, दगड, पाणी, श्रम देतात, पण पेरणीच्या दिवसांत कुणी फिरकत नाही, आणि तसंच असायला हवं. पाया डिसेंबरमध्ये आणि पत्रे मार्चच्या आत, असा हिशेब धरावा. मातीच्या गाऱ्यात रचलेली भिंत उघडी राहिली तर सांधे पावसात धुऊन जातात. पत्रा २८ गेजचा घ्यावा. ३२ गेज स्वस्त पडतो, कारण गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. मग वादळात तो खिळ्यांपाशी फाटतो.

छपराचा दुसरा उपयोग पाण्याचा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर होतात. गळती-उडती वजा जाता ८०० धरावेत. टाकीचे पैसे कुणीतरी आनंदानं देतं, तिच्यावर नाव घालता येतं ना! पन्हळ आणि पहिलं घाण पाणी बाजूला काढणारा पाइप मात्र राहून जातो, आणि टाकी कोरडी किंवा गढूळ राहते. प्रसूतीनंतर पडणारी वार टाकायच्या खड्ड्यालाही देणगीदार मिळत नाही. तो झाकणाचा हवा आणि त्याचा तळ भूजलाच्या किमान दीड-दोन मीटर वर राहायला हवा, नाहीतर शेजारच्या विहिरीला धोका.

लसींना २ ते ८ अंश तापमान लागतं, तिथे घरगुती फ्रिज चालत नाही. बॅटरीशिवाय थेट सौरपट्ट्यांवर चालणारा लसींचा फ्रिज महाग असतो, पण बॅटऱ्या काही वर्षांत मरतात आणि नव्या घ्यायला पैसे नसतात. परदेशातून जुनी यंत्रं पाठवणाऱ्यांना आधी व्होल्ट विचारावेत : ११० चं यंत्र युगांडाच्या २४० वर जळतं. औषधांची मुदत पोचताना किमान एक वर्ष उरलेली हवी. मोंबासा बंदरातून पुढे रस्त्यानं यायचं असल्यानं मधला वेळही मोजावा.

कंत्राटदाराला पैसे टप्प्यांनी द्यावेत : पाया, भिंतींवरचा काँक्रीटचा पट्टा, पत्रे, गिलावा. प्रत्येक टप्पा जिल्ह्याच्या अभियंत्यानं पाहिल्यावरच पुढचा हप्ता. शेवटचे ५ ते १० टक्के सहा महिने हातात ठेवावेत, आणि त्या सहा महिन्यांत एक पावसाळा येईल असं पाहावं. छप्पर कुठे गळतं ते तेव्हाच कळतं.