बाराशे रुपयांचे कान

बाराशे रुपयांत हल्ली काय येतं? चौघांचं उडप्याकडचं जेवण, एखादी बरी चप्पल, नाहीतर वायरलेस इअरबडची जोडी. जेवणाचं मेन्यूकार्ड आपण धड वाचत नाही. चप्पल पायात सरकवून दोन पावलं टाकली की निकाल लागतो. इअरबड घेताना मात्र आमच्या ऑफिसातली शांत, समंजस माणसंसुद्धा आठवडाभर रिव्ह्यू बघतात, तिघाचौघांना विचारतात आणि शेवटी सेलमध्ये जे स्वस्त दिसेल ते उचलतात. माझं काही वेगळं झालं नाही. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण या भावातल्या जोड्यांमध्ये खरा फरक रंगाचा आणि डबीच्या झाकणाचा असतो, असं माझं मत आहे.

खोकं वाचायला मजा येते. छापील किंमत ४,९९९, ती खोडून खाली १,१९९. मधल्या ३,८०० रुपयांना आजवर कुणी पाहिलेलं नाही, तरी ते वाचले म्हणून बरं वाटतं. मग ‘६० तास प्लेबॅक’. हे साठ तास डबी धरून असतात. एकेका बडमध्ये बॅटरी असते चाळीसेक मिलिअँपअवरची, म्हणजे फोनमधल्या पाच हजारांपुढे चिमूटभर. ती एका दमात सहा-सात तास चालली तरी पुष्कळ; उरलेले तास डबी तिला पुन्हा पुन्हा भरवते. शिवाय तळाशी मुंगीच्या अक्षरांत ‘आवाज निम्मा असल्यास’. मला याचा राग नाही. सलग सात तास कानात काही घालून बसायची चैन आहे कुणाला? ‘आयपीएक्स ४’ मात्र कामाचं. त्यातला चार म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील, आणि एक्स म्हणजे धुळीचं आम्ही काही सांगत नाही. जुलैत छत्री उलटी झाली तरी बड तगतात, एवढं त्यातून समजायचं. बादलीत पडले तर आपलं नशीब.

सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं ‘ईएनसी’. दुकानदार सांगतो, “मॅडम, बाहेरचा आवाज एकदम बंद.” बंद होतो, पण आपल्याला नाही, फोनवर पलीकडे जो ऐकतोय त्याला. माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळायची ती सोय आहे. आपल्या कानात येणारा गोंगाट मारतं ते ‘एएनसी’, आणि त्यासाठी सहसा वरचे तीन-चारशे मोजावे लागतात. मी मोजले.

युक्ती साधी आहे. बाहेरच्या आवाजाची लाट माइकने टिपायची आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडायची. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तिचं पेटंट १९३६ सालचं. कानावर ती चढली ती मुख्यतः अमर बोस यांच्यामुळे. हिंदुस्थानातून अमेरिकेत गेलेल्या बंगाली क्रांतिकारकाचा हा मुलगा, एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली झुरिकहून परतताना विमानात दिलेल्या हेडफोनवर त्यांना इंजिनाच्या घरघरीत काही धड ऐकू येईना, तेव्हा तिथेच बसून त्यांनी गणितं मांडली. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला पुढे १९८९ उजाडलं. एवढी तपश्चर्या आता पंधराशेच्या आत डोंबिवलीत घरपोच मिळते, हे मला अजून पचलेलं नाही.

पण ही लाट-उलटी लाट चालते ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर: पंखा, एसी, इंजिन. माणसाच्या बोलण्यापुढे ती बरीचशी हात टेकते, कारण बोलणं क्षणाक्षणाला बदलतं. याचा लेडीज डब्यात काय परिणाम होतो ते ऐका. डोंबिवली सुटली, मी एएनसी चालू केलं. रुळांची खडखड खाली बसली, डब्यातल्या पंख्यांची घुर्रघुर्र गेली, आणि त्या स्वच्छ झालेल्या शांततेत चौथ्या सीटवरचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागलं. “जरा सरकून बसा” पासून “तुम्ही कुठून चढता ते माहीत आहे आम्हाला” पर्यंत. इतके दिवस खडखडीत बुडालेली वाक्यं होती ती. पलीकडे दोघी मटार सोलत नणंदेच्या लग्नाचा हिशेब मांडत होत्या, तोही पूर्ण कळला. मी गाणं लावलंच नाही.

दादर आलं की गाणं अडखळतं, हा आणखी एक अनुभव. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, वायफायचंही बरंचसं तिथेच. फलाटावरच्या हजारो फोनांची तिथे चेंगराचेंगरी. त्यात फोन पर्सच्या तळाशी, पर्स पोटाशी, आणि मध्ये कुणाचा तरी खांदा. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. फोन वरच्या कप्प्यात ठेवला तर अडखळणं निम्म्याने कमी होतं. हे खोक्यावर लिहीत नाहीत.

खोक्यात तीन मापांची रबरं येतात: लहान, मध्यम, मोठी. मध्यम लावून येतात म्हणून बहुतेक सगळे मध्यमच वापरतात आणि “बेस नाहीये यार” म्हणून कंपनीला एक स्टार देतात. रबर कानात नीट बसलं नाही तर फटीतून पहिल्यांदा पळतो तो खर्जच. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागतं, उजव्याला लहान. उजव्याचं बदललं आणि तबल्याला डग्गा आला! बाराशे रुपयांच्या वस्तूतले निम्मे पैसे त्या रबराचे आहेत, असं माझं ठाम मत झालंय.

आता खरी परीक्षा, म्हणजे आई. तिला फोन लावला आणि बोलायला लागले.

“अगं, कुठे आहेस तू? विहिरीत?”

“नाही गं, नवे ते कानातले घेतलेत, त्यावरून बोलतेय.”

“काढ ते आधी. आणि कुकर लावलायस का? शिटी मोजतेय मी, तू काही मोजत नाहीयेस.”

म्हणजे माझा आवाज गाळला गेला आणि कुकरची शिटी सुखरूप सांगलीला पोचली. ईएनसीचा याहून नेमका रिव्ह्यू मला कुठे वाचायला मिळाला नाही. कारण असं, की जुन्या वायरवाल्या इअरफोनचा माइक हनुवटीखाली लोंबायचा, तोंडाच्या अगदी जवळ. बडचा माइक कानाशी. तिथून तो तोंडाचा अंदाज घेतो आणि बाकीचं कापतो. कापताना कधी शब्दांच्या कडाही जातात. त्यात फोन सुरू झाला की ब्लूटूथला ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच अरुंद वाटेने न्यावं लागतं, म्हणून मघाशी भरघोस वाजणारं सगळं एकदम जुन्या ट्रंककॉलच्या वळणावर जातं. लॅपटॉपवर मीटिंग करणाऱ्यांना हा धक्का रोजचा आहे. ज्यांना दिवसभर फोनवरच बोलायचंय त्यांनी निदान दांडीवाले बड घ्यावेत. दांडीच्या टोकाचा माइक दोन बोटं का होईना, तोंडाकडे सरकतो. गोल, बटणासारखे दिसायला छान. बोलायला आईला विचारा.

गाण्याचं काय? इथे मी तक्रार करायच्या तयारीनेच बसले होते, पण फारशी जागा मिळाली नाही. स्वस्त बडना खर्ज फुगवून वाढायची खोड असते. लावणीत ढोलकी लागते तेव्हा ती खोड गोड वाटते. ख्याल लावला की डग्गा गवयाच्या पुढ्यात येऊन बसतो आणि तानपुरा मागच्या मागे दाराबाहेर जातो. तानपुऱ्याचा जीव जवारीत, म्हणजे त्या वरच्या, बारीक, झिणझिणणाऱ्या सुरांत. खर्जाचा लोंढा आला की तेच आधी झाकले जातात. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यपदं तर ऐकूच नयेत: मुळात त्यांत खर्ज बेताचा, तेव्हा फुगते ती तबकडीची घरघर. अ‍ॅपमधल्या इक्वलायझरमध्ये जाऊन डावीकडच्या, म्हणजे खर्जाच्या, दोन दांड्या खाली ओढल्या, तर तानपुरा आत येतो. सगळा नाही, पण येतो. एवढ्यासाठी मी दहा हजार टाकणार नाही.

आणि खरं सांगायचं तर दिवसभरात मी गाणं ऐकते तरी किती? कणीक मळताना बातम्या, भांडी आवरताना कुणाची तरी मुलाखत, गाडीत पुस्तकाचं वाचन. बोलणंच सगळं. बोलण्याचा जीव मधल्या पट्टीत असतो. टेलिफोनने कित्येक वर्षं ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच भांडवलावर संसार केला. ती पट्टी हे बाराशेवाले झकास वाजवतात. कणकेचे हात असताना ‘टच कंट्रोल’ने घोळ घालू नये, एवढीच अपेक्षा. बड घसरतोय म्हणून कोपराने वर ढकलला, तर बातम्या बंद आणि मघाच्या नंबरवर रिडायल. ऑफिसच्या साहेबांना संध्याकाळी साडेसातला माझ्या फोडणीचा आवाज अशा रीतीने पोचला आहे.

सिनेमा बघताना ओठ आणि शब्द जुळतात, कारण व्हिडिओची अ‍ॅप्स आवाजाला होणारा उशीर हेरून चित्रही तेवढंच मागे ठेवतात. लेकीने हार्मोनियमचं अ‍ॅप उघडलं तेव्हा हा समजूतदारपणा संपला. तिने ‘सा’ दाबला, तो वाजेपर्यंत बोट ‘रे’वर. तिने डबी बंद करून माझ्याकडे सरकवली.

आवाजाबद्दल मात्र थट्टा नको. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की मोठ्या माणसांनी ८० डेसिबलला आठवड्याला फार तर ४० तास ऐकावं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. मुलांसाठी मर्यादा ७५ ची. लोकलमध्ये रबर सैल असेल तर रुळांवर मात करायला आपण न कळत आवाज चढवत जातो, म्हणजे पुन्हा गाडी रबरावरच येते.

सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला, त्याला हेडफोन लावायला दोन भोकं होती आणि गाणं दबवून एकमेकांशी बोलायला एक नारिंगी बटण. एकट्यानेच ऐकत बसणं उद्धटपणाचं वाटेल, अशी कंपनीच्या अध्यक्षांना धास्ती होती! वायरच्या काळात कॉलेजातली जोडपी एकेक कानात घालून डोकं डोक्याला लावून बसायची. वायरीला लांबीच तेवढी होती. आता एकेक बड घेऊन दोघं दोन दारांत उभे राहू शकतात. सोय म्हणावी की काय, ज्याचं त्याने ठरवावं.

सुटे झाले म्हणून हरवतातही. टोकियोत २०२० मध्ये जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ७८ स्थानकांवर साडेनऊशेच्या आसपास इअरबड रुळांवर पडल्याची नोंद जेआर ईस्ट या तिथल्या रेल्वे कंपनीने केली, आणि खडीतून ते उचलायला एक खास व्हॅक्यूम क्लीनर करून घ्यायला लागला. आपल्याकडे असा व्हॅक्यूम आला तर त्यात बडच्या आधी क्लिपा, कानातली आणि पासांची पाकिटं निघतील.

माझ्या आधीच्या जोडीतला उजवा असाच ठाण्याला फलाट आणि फूटबोर्डाच्या मधून गेला. अकाउंट्समधल्या एकीचा, त्याच मॉडेलचा, डावा गेलेला. लंचमध्ये दोघींनी माझा डावा नि तिचा उजवा तिच्या डबीत घालून बटण दाबून धरलं. लाल-निळं लुकलुकलं, आणि जुळले! तेव्हापासून त्या डबीवर तिचा दावा आहे, कारण डबी तिची. मी म्हणते, माझा डावा काढून दे, मग ने. डब्यातली भाजी वाटून घेतो, पण हा प्रश्न अजून सुटलेला नाही. एचआरकडे नेऊ या, असं ती परवा म्हणत होती.