कूलर लावला का?

मार्च लागला की नागपुरात दोन माणसांच्या भेटीतलं तिसरं वाक्य ठरलेलं. पहिलं "काय म्हणता?", दुसरं "बस, चाललं", आणि तिसरं "कूलर लावला का?" लावला असेल तर खस बदलली का, कुठून आणली, यंदा भाव काय. लावायचा असेल तर, "लावून घ्या बाप्पा, मग माणूस भेटत नाही." विचारणाऱ्याला तुमच्या कूलरशी काडीचं देणंघेणं नसतं. तुम्हालाही त्याच्या खसशी नसतं. तरी दहा मिनिटं आरामात जातात.

यालाच इंग्रज स्मॉल टॉक म्हणतात. लॉर्ड चेस्टरफिल्ड या इंग्रज उमरावाने १७५१ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द येतो. दरबारातल्या अशा गप्पा धड मूर्खपणाच्या नसतात, धड ज्ञानाच्याही नसतात, पण त्या तुला जमल्याच पाहिजेत, असा बापाचा सल्ला. पुढे १९२३ मध्ये मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने या प्रकाराला फॅटिक कम्युनियन असं भारदस्त नाव दिलं. तब्येतीची चौकशी, हवेवरचे शेरे यांतून माहिती द्यायची नसतेच, नुसत्या बोलण्याने माणसं जोडली जातात. उलट अनोळखी माणूस गप्प राहिला की धास्ती वाटते, असं त्याचं म्हणणं. लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभं राहणाऱ्यांच्या काळात तो जन्मला नाही, हे त्याचं नशीब.

माझी भाची मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत लागली, तेव्हा तिला स्मॉल टॉकचं चक्क प्रशिक्षण मिळालं. परदेशी क्लायंटशी हवामानावर बोला, सुट्टीवर बोला. वय, पगार, लग्न यांना हात लावू नका. मी म्हटलं, अगं, मग उरलं काय? सीताबर्डीहून धरमपेठेपर्यंत शेअर ऑटोत शेजारी बसलेल्या काकू एवढ्या वेळात तुझा पगार, त्यात घरभाडं किती जातं आणि "मग लग्नाचं काय बघून राहिले?" हे सगळं उरकतात. भाचीला ते आगाऊपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही, पण पंचविशीत मलाही वाटायचं, हे खरं.

हवामान हा बिनधोक विषय, हेही थंड प्रदेशातल्यांनी ठरवलेलं. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, बसला की प्रत्येकाकडे आपापला पारा असतो. ३० मे २०२४ ला तर कमाल झाली. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर चक्क ५६ अंशांची नोंद झाली. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. शहराचा अधिकृत उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९ अंशांचा. पण खुलासा कोणाला हवा होता? आमच्या चौकातल्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर पुढचे कित्येक दिवस तोच खल. एक जण सेन्सरच्या बाजूने, दोघं विरुद्ध.

"मशीन कशाला खोटं बोलेन? माह्या गच्चीवर येऊन पाय ठेवा न जी."

"अन् तुमच्या गच्चीवर काय खात्याचं ऑफिस आहे काय?"

पोहेवाल्याने दोघांच्या प्लेटमध्ये न विचारता आणखी तर्री ओतली आणि मला विचारलं, "तुमचा कूलर कोणता, लोखंडी का प्लास्टिकचा?"