सासूबाईंच्या माहेरचा माग

माझ्या सासूबाई पेनसिल्व्हेनियाच्या, माहेरचं आडनाव स्नायडर. ‘आम्ही मूळचे जर्मन’ यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या चोपडीत आपली वंशावळ निघते, तशी इथली चोपडी शोधायला आम्ही दोघी एप्रिलात तीन दिवस गाडी काढून फिरलो.

निघण्याआधी घरीच करायचं काम: १७२७पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्या याद्या छापील मिळतात. पण शपथ सोळा वर्षांवरच्या पुरुषांचीच, त्यामुळे बायकामुलं तिथे शोधू नका. मूळ गावही सहसा नसतं. सही न येणाऱ्याचं नाव कारकून कानाला ऐकू येईल तसं लिही. श्नायडरचं स्नायडर असंच होतं.

खरा धागा नागरिकत्वाच्या यादीत लागला. १७४०च्या ब्रिटिश कायद्यानुसार वसाहतीत सात वर्षं काढलेल्या परक्या प्रोटेस्टंटाला नागरिकत्व मिळे, पण नागरिकत्वाच्या शपथेआधीच्या तीन महिन्यांत चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतलेलं असावं लागे. ती तारीख यादीत नावासमोर असते! तीच घेऊन आसपासच्या चर्चच्या वह्या उघडायच्या. पूर्वज क्वेकर किंवा मेनोनाइट, म्हणजे शपथच न घेणाऱ्या ख्रिस्ती पंथांतला असेल तर हा रस्ता बंद. मेनोनाइटांत तर बाळांचा बाप्तिस्माही नसतो. त्यांच्यासाठी जमिनीची कागदपत्रं आणि मृत्युपत्रं पाहा.

वाटेत ट्रॅपला १७४३चं दगडी ऑगस्टस लूथरन चर्च पाहिलं. तासभर पुरतो.

लँकेस्टरला चर्चच्या वह्यांच्या मायक्रोफिल्मसमोर मात्र घाम फुटला. जुनी जर्मन लिपी म्हणजे मोडीची चुलत बहीण. ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात; ‘यू’वर छोटी कमान असते म्हणून तो ओळखू येतो. तारखेत सात आकडा आणि पुढे ‘बर’ होतं. मी जुलै समजून अर्धा दिवस घालवला. तो सप्टेंबर निघाला, लॅटिनमधल्या सातावरून! शिवाय १७५२पर्यंत इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला बदलायचं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी दोन्ही सालांत बघा.

संध्याकाळी प्रभुभोजनाच्या यादीत आमचा पूर्वज हान्स गेओर्ग श्नायडर सापडला. खाली ‘श्नायडरिन’. मी दुसरं घराणं म्हणून पुढे सरकवत होते. सासूबाईंनी हात धरला, “थांब, ही त्याची बायको असेल.” बरोबर होतं, बाईच्या आडनावाला ‘इन’ लागतो.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या, बहुतेक वेळा ते नात्यातले किंवा गाववाले असतात. मृत्यूची नोंद चुकवू नका. आमचं जर्मनीतल्या पॅलेटिनेट भागातलं गाव तिथेच मिळालं. अभिलेखागारात जाण्याआधी फोन करा, आणि पेन्सिलच न्या.

आता तिकडच्या चर्चच्या वह्यांसाठी ‘आर्किऑन’ या जर्मन संकेतस्थळाचे महिनाभराचे पैसे भरलेत. सासूबाई किराण्याची यादीसुद्धा त्याच लिपीत लिहितात, आणि दुकानात मला वाचायला लावतात.